कागदी इमारती आणि त्यांतील सत्य

कागद, कात्री, खळ आणि फूटपट्टी एवढ्या चार जिनसांवर ज्याचा सारा संसार उभा राहतो असे छंद थोडेच आहेत. जुन्या इमारतींच्या प्रमाणबद्ध प्रतिकृति कागदाच्या बनविणें हा त्यांपैकीं एक होय. या छंदाचे नियम दोन. पहिला मापाचा: खऱ्या इमारतीचें जें माप असेल त्याचा एक ठरलेला अंश सर्वत्र सारखा पाळावयाचा. दुसरा काळाचा: इमारत ज्या सालची म्हणून दाखवावयाची त्या सालीं तिच्यांत जें होतें तें असावें, आणि जें नव्हतें तें मुळींच नसावें. पहिला नियम कोणीही मुकाट्यानें मान्य करतो. कारण माप चुकलें तर भिंतीला भिंत मिळत नाहीं आणि कागद स्वतःच कारागिराची चूक त्याच्या पदरांत घालतो. दुसऱ्या नियमाचें तसें नाहीं. तो मोडला तरी कागद तक्रार करीत नाहीं. शंभर वर्षांपूर्वींच्या दारावर आजची पाटी चिकटविली तरी खळ धरतेच. ज्या नियमाचा भंग झाला असतां कोणतीही भिंत ढासळत नाहीं, तो नियम पाळण्याची सक्ति कोणाची? हा केवळ हौशी माणसांचा काटेकोरपणा आहे, कीं त्यांत नीतीचा कांहीं प्रश्न गुंतलेला आहे? तसा प्रश्न त्यांत आहे, असें आमचें मत असून त्याचाच विचार आम्ही येथें करणार आहों.

कागदी इमारत ही आपल्याकडे कांहीं परदेशांतून आलेली नवलाई नव्हे. मोहरमाचे ताबूत हे बांबूच्या कामट्या, रंगीत कागद आणि बेगड यांचे मनोरेच होत. महाराष्ट्रांतील कित्येक गांवीं हिंदु-मुसलमान दोघेही ते खांद्यावर घेत आले आहेत. गणपतीचें मखर हेंही एक देऊळच. २०१८ सालीं महाराष्ट्रांत थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हां पुठ्ठ्याच्या व कागदाच्या मखरांना पुन्हा चांगले दिवस आले. दिवाळींतला मुलांचा किल्ला मातीचा खरा, पण जात तीच. या तिन्हींना ना प्रमाणाचें बंधन ना काळाचें. किल्ल्याच्या माथ्यावर महाराज सिंहासनावर बसलेले असतात, त्यांच्या निम्म्या उंचीचा हत्ती दाराशीं उभा असतो, आणि पायथ्याच्या रस्त्यावरून एखादी लाल मोटारगाडीही खुशाल चाललेली असते. यांत कोणालाही खोटेपणाचा वास येत नाहीं. आणि येऊंही नये. कारण मूल तो किल्ला मांडतांना ‘रायगड असाच होता’ असें म्हणत नाहीं. ‘आमचा किल्ला पाहा’ असें म्हणतें. ताबूत भक्ति सांगतो, मखर आदर सांगतें, किल्ला आनंद सांगतो. तिन्ही वस्तु कांहीं दिवसांनीं विसर्जनास, अडगळींत किंवा पावसांत जावयाच्या, हेंही सर्वांस ठाऊक असतें.

प्रमाणबद्ध प्रतिकृतीचा बाणा निराळा आहे. ती पाहणाराला सांगते, ‘हें असें होतें.’ फ्रान्समध्यें चौदाव्या लुईच्या कारकीर्दींत, १६६८ सालापासून, तटबंदीच्या शहरांच्या मोठमोठ्या प्रतिकृति लांकूड, कागद व रेशीम यांच्या बनविण्याचा उपक्रम सुरू झाला. त्यांतील बहुतेकांचें प्रमाण एकास सहाशें असें होतें. राजा आणि त्याचे सेनापति त्या पाहून वेढ्याचे बेत करीत. तेथें एखादी टेकडी कारागिरानें शोभेसाठीं हलविली असती, तर त्याची किंमत रणांगणावर कोणाला तरी प्राणानें द्यावी लागली असती. पुढें एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समधील एपिनाल येथील छापखान्यांनीं कापून जोडावयाच्या छापील इमारतींचे कागद घरोघर पोंचविले, आणि राजाच्या दालनांतील ही विद्या मुलांच्या टेबलावर आली. टेबलावर आली म्हणून तिचा बाणा मात्र बदलला नाहीं. जेथें ‘हें असें होतें’ म्हणून सांगितलें जातें तेथें साक्ष दिली जाते. आणि साक्ष म्हटली कीं खरेपणाचें बंधन आलेंच.

या साक्षीचें वैशिष्ट्य असें कीं ती मृतांच्या वतीनें दिलेली असते. जिवंत माणसाच्या घराचें चित्र चुकलें तर तो येऊन भांडेल. पण दीडशें वर्षांपूर्वीं ज्यांनीं एखादें घर वापरलें, त्यांच्या घरांत आपण कांहींही नेऊन ठेवलें किंवा त्यांतून कांहींही काढून घेतलें, तरी ते भांडावयास येत नाहींत. ज्याला प्रतिकार करतां येत नाहीं त्याच्याशीं माणूस कसा वागतो, यावरूनच त्याच्या नीतीची पारख होते. काळाच्या नियमाचा उगम आम्हांस येथें दिसतो.

उदाहरणार्थ, पुण्याचा शनवारवाडा घ्या. १७३० सालीं त्याच्या कामास आरंभ झाला आणि १७३२ सालीं वास्तुशांत झाली. १८२८ सालच्या आगींत आंतला लांकडी इमला जळून गेला. आज तट, बुरूज, दिल्ली दरवाजा, नगारखाना आणि आंत जोतीं व कारंज्यांचे हौद एवढेंच शिल्लक आहे. आंतील वाडा सात मजली होता असें सांगतात. पण त्या मजल्यांचे खांब, कमानी व सज्जे मापून काढलेला पुरा नकाशा आपल्या हातीं नाहीं. अशा स्थितींत कागदाचा शनवारवाडा करणाऱ्यापुढें दोन वाटा असतात. एक, इतर वाड्यांवरून नक्षी उसनी घेऊन सातही मजले झोकांत उभे करण्याची. या वाटेनें गेलें तर पाहणारा ‘वाहवा’ म्हणेल. दुसरी, तट व दरवाजा मापानें पुरा करून, जोतीं जशीं आहेत तशीं दाखवून, वरची जागा मोकळी ठेवण्याची; फार तर कोऱ्या पांढऱ्या कागदाचा साधा ठोकळा ठेवून ‘येथें कांहीं होतें, तें गेलें’ एवढेंच सांगण्याची. दुसऱ्या वाटेनें जाणाराचें काम अपुरें दिसतें. परंतु तो कोरा कागद हाच त्या प्रतिकृतींतील सर्वांत प्रामाणिक भाग होय. अज्ञानाची जागा नक्षीनें भरून काढणें ही आपल्या इतिहासप्रेमाची जुनी खोड आहे. ती ग्रंथांत जितकी घातक, तितकीच पुठ्ठ्यांतही.

आतां ज्या इमारती पुऱ्या उभ्या आहेत, त्यांच्या बाबतींत तरी मार्ग सोपा असेल असें कोणास वाटेल. पण तेथें प्रश्न अधिकच नाजूक होतो. मुंबईची क्रॉफर्ड मार्केटची इमारत विल्यम इमर्सन यानें आखलेली; ती १८६९ सालीं पुरी झाली. कुर्ल्याचा पिवळसर दगड, वसईचा तांबडा दगड, उंच मनोऱ्यावरील घड्याळ, उतरतीं छपरें हें सर्व कागदांत उतरविण्यास इतकें सोयीचें, कीं ही इमारत जणूं कागदासाठींच बांधली होती असें वाटावें. परंतु ती कोणत्या सालची दाखवावयाची? १८६९ सालची असेल तर विजेचे दिवे चालणार नाहींत. ते १८८२ सालीं आले. आजची असेल तर पाटीवर महात्मा जोतिबा फुले यांचें नांव हवें. या नांवावरून पुण्याच्या मंडईची आठवण होते. ती १८८६ सालीं उघडली तेव्हां तिला गव्हर्नर लॉर्ड रे याचें नांव होतें. महात्मा फुल्यांचें नांव तिला पुढें मिळालें. फुले हे १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणें नगरपालिकेचे सभासद होते, आणि मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा ओतण्यापेक्षां तो शिक्षणाकडे लावावा म्हणून त्यांनीं या खर्चास विरोध केला होता. आतां १८८६ सालच्या प्रतिकृतीवर जर कोणी ‘महात्मा फुले मंडई’ अशी सुबक पाटी रंगविली, तर ती केवळ कालविसंगति ठरत नाहीं. एका माणसाचा विरोध पुसून त्याच्याच सहीची संमति तेथें चिकटविल्यासारखें होतें. पाटी बोटाच्या नखाएवढी असते, पण तींत एवढा अन्याय मावूं शकतो.

क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावर शिल्पपट्ट्या आहेत. रुडयार्ड किपलिंगचे वडील लॉकवुड किपलिंग यांनीं त्या रेखिल्या असून त्यांत हिंदी शेतकरी दाखविले आहेत. चांगला कागदकारागीर या पट्ट्या भिंग लावून रंगवितो. परंतु त्याच पट्ट्यांखालून पाट्या डोक्यावर घेऊन पहांटेपासून जे चालत होते, ते हमाल आणि भाजीवाल्या त्याच्या प्रतिकृतींत बहुधा नसतात. रस्ता झाडून पुसून ठेवल्यासारखा रिकामा; दारें मोकळीं; पायऱ्या स्वच्छ. दगडावर कोरलेला कष्टकरी घेतला आणि चालता कष्टकरी गाळला! हा कालोचितपणा खासा म्हणावयाचा. मंडईंत माल नाहीं, माणूस नाहीं आणि कचराही नाहीं, अशी घटका बहुधा मध्यरात्रीसुद्धां सांपडली नसेल. मग ही प्रतिकृति कोणत्या सालची? ती कोणत्याच सालची नव्हे. ती आपल्या मनांतील, कोणीही न वापरलेल्या भूतकाळाची आहे.

आणि इमारत तीच राहूनही तिचा काळ कसा बदलतो हें याच मंडईंत दिसतें. १९९६ सालीं तेथील फळांचा घाऊक व्यापार उठून नव्या मुंबईंत वाशी-तुर्भें येथें गेला. दगड, घड्याळ, शिल्पपट्ट्या जागच्या जागीं राहिल्या. जिच्यासाठीं त्या होत्या ती उलाढाल खाडी ओलांडून गेली. ज्याला मुंबईच्या मंडईचें पुरें चरित्र कागदांत लिहावयाचें आहे, त्यालाही म्हणून खाडी ओलांडावी लागते. सर्वजण ‘एपीएमसी मार्केट’ म्हणतात तो हा बाजार. १९६३ सालच्या कृषि उत्पन्न पणन कायद्याच्या छत्राखालीं मुंबईची बाजार समिति १९७७ सालीं स्थापन झाली. शहराच्या जुन्या पेठांतील गर्दी हटविण्यासाठीं आधीं कांदा-बटाटा, मग धान्य आणि मसाले, आणि शेवटीं फळें व भाजीपाला असे पांच बाजार येथें आणले गेले. गाळ्यांच्या लांबच लांब रांगा, मालमोटारींना वळतां यावें म्हणून ठेवलेले रस्ते, पत्र्यांचीं छपरें, सिमेंटचे खांब. मनोरा नाहीं, घड्याळ नाहीं, शिल्पपट्टी नाहीं.

या बाजाराची कागदी प्रतिकृति कोणी करील काय? प्रश्न ऐकून बहुतेक हंसतील. गंमत अशी कीं प्रतिकृति करणाराचा पुष्कळसा पुठ्ठा येथूनच निघतो. आंब्याच्या मोसमांत फळबाजारांत जीं खोकीं येतात, त्यांचाच पन्हळी पुठ्ठा पुढें घरोघर मुलांच्या हातीं पडतो. म्हणजे क्रॉफर्ड मार्केटच्या सुंदर प्रतिकृतीला वाशीचा बाजार अंग देतो, पण स्वतःचें रूप उभें करण्याचा मान त्याला मिळत नाहीं. कारण विचारलें तर उत्तर येतें, ‘त्यांत बघण्यासारखें काय आहे?’ या उत्तरांत एक गृहीत दडलेलें आहे: जें सुंदर तेंच स्मरणास पात्र. घर सजविण्यापुरतें हें गृहीत ठीक आहे. परंतु साक्षीदारानें जर ‘मी फक्त देखण्या माणसांविषयींच साक्ष देईन’ असें म्हटलें, तर त्याला कोणतें न्यायासन उभें करील?

शिवाय दगडी इमारतीला आपल्या स्मरणाची गरज कमी आहे. ती स्वतःच स्वतःची आठवण ठेवते. पत्र्याच्या छपराचें तसें नाहीं. वाशीच्या कांदा-बटाटा बाजाराच्या इमारतींचें नांव धोकादायक इमारतींत वर्षानुवर्षें येत राहिलें आहे आणि त्या पाडून नव्या बांधण्याची चर्चाही जुनी आहे. ज्या दिवशीं त्या जातील, त्या दिवशीं त्यांचा एकही खांब कोणत्या संग्रहालयांत जाणार नाहीं. मुंबईचें जेवण जेथून येत होतें तें ठिकाण कसें होतें, असें शंभर वर्षांनीं कोणी विचारील, तर त्याला क्रॉफर्ड मार्केटचें घड्याळ दाखविलें जाईल. तें उत्तर सुंदर असेल, आणि १९९६ नंतरच्या काळापुरतें तरी खोटें असेल.

आतां कोणी असें समजा मनावर घेतलें आणि वाशीच्या एका गाळ्याची एकास शंभर या प्रमाणांत प्रतिकृति करावयास घेतली. त्याला पहिला मोह छपरापाशीं होईल. आंब्याच्या खोक्याचा वरचा कागद सोलला कीं आंतून पन्हळी निघतात, अगदीं पत्र्यासारख्या! परंतु दोन पन्हळींतील अंतर मोजून पाहावें. तें सुमारें सहा ते आठ मिलिमीटर भरतें. शंभरपट केलें तर साठ ते ऐंशीं सेंटिमीटर. आणि खऱ्या नालीदार लोखंडी पत्र्याची पन्हळ असते सात-आठ सेंटिमीटरची. म्हणजे जें हुबेहूब दिसलें तें जवळजवळ दहापट चुकीचें होतें. खरें छप्पर हवें असेल तर गुळगुळीत कागदावर अणकुचीदार पेन्सिलीनें पाऊण-पाऊण मिलिमीटरवर रेघा ओढाव्या लागतात. त्या कोणाच्या नजरेंत भरत नाहींत, डोळे मात्र शिणतात. सादृश्य आणि सत्य यांतला भेद समजावून देणारा याहून स्वस्त धडा आम्हांस ठाऊक नाहीं. जें आयतें हातीं येतें आणि खऱ्यासारखें दिसतें, त्याला फूटपट्टी लावण्याची संवय ज्या मुलाला लागली, तो पुढें वर्तमानपत्रही निराळ्या नजरेनें वाचील.

छप्पर साधलें कीं पुढची पायरी माणसांची. या बाजारांत माल चढविणारे-उतरविणारे ते माथाडी. माथ्यावर ओझें वाहतात म्हणून माथाडी. त्यांच्या रोजीला, भविष्यनिधीला, दुखण्याखुपण्याला कसलाही आधार नव्हता. अण्णासाहेब पाटील यांनीं त्यांना संघटित केलें, १९६९ सालीं त्यांच्यासाठीं निराळा कायदा झाला, आणि हमालाची नोंद, मजुरी व हक्क यांचा हिशेब मंडळांमार्फत ठेवला जाऊं लागला. या कायद्याचें कोणतेंही चिन्ह इमारतीच्या भिंतीवर दिसत नाहीं. तें दिसावयाचें तर माणूसच दाखविला पाहिजे. एकास शंभर या प्रमाणांत साडेपांच फुटी माणूस पावणेदोन सेंटिमीटरांहूनही किंचित् कमी उंचीचा होतो. त्याच्या पाठीवर पन्नास किलोचें पोतें द्यावें. आणि येथें या कलेची मर्यादा एकदम उघडी पडते. लांबी शंभरांश झाली, तर आकारमान दहा लाखांश होतें आणि वजनही तितकेंच उतरतें. पन्नास किलोचें तें पोतें प्रतिकृतींत एका ग्रॅमच्या विसाव्या भागाचें, म्हणजे तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढें होतें. भिंत लहान झाली तरी भिंतच दिसते. पण ओझें लहान झालें म्हणजे तें ओझें राहतच नाहीं. प्रमाणबद्ध प्रतिकृति सर्व कांहीं प्रमाणांत आणते. कष्ट तेवढे तिला प्रमाणांत आणतां येत नाहींत.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, मग या खटाटोपाचा उपयोग काय? जी कला मुख्य गोष्टच पकडूं शकत नाहीं, तिच्यावर नीतीचें एवढें ओझें कां लादावें? रविवारच्या दुपारीं चार कागद कापून मन रमविणाऱ्या सज्जनाला आपण मृतांचा साक्षीदार ठरविणें हा जुलूम नव्हे काय?

आक्षेपाचा पहिला भाग आम्हांस मान्य आहे, पण त्यावरून निघणारा निष्कर्ष मान्य नाहीं. कोणतीही साक्ष पुरी नसते. इतिहासाच्या ग्रंथांत घाम नसतो आणि छायाचित्रांत वास नसतो. प्रामाणिक साक्षीदार सर्वज्ञ असावा लागत नाहीं. आपण कोठून पाहिलें आणि काय पाहिलें नाहीं हें त्यानें सांगितलें म्हणजे पुरे. दुसऱ्या भागाविषयीं इतकेंच सांगतों कीं, मन रमविण्यास आमची आडकाठी नाहीं. ज्याला नुसतें रमावयाचें आहे त्यानें मखर करावें, किल्ला करावा, कल्पनेंतला राजवाडा करावा. त्या प्रत्येकाची आपापली शोभा आहे. पण जो त्यावर साल लिहितो, प्रमाण लिहितो आणि दिवाणखान्यांत काचेच्या पेटींत ठेवून पाहुण्यांस ‘ही त्या काळची मंडई’ म्हणून सांगतो, त्यानें आपण होऊन साक्षीच्या पिंजऱ्यांत पाऊल टाकलेलें आहे. मग शपथ जाचक वाटून उपयोग नाहीं.

आणि माणूस दाखविण्यानें ओझें दिसलें नाहीं तरी एक गोष्ट खचित दिसूं लागते. रिकाम्या इमारतींत दाराची रुंदी, ओट्याची उंची, रस्त्याचा घेर हे आंकडे असतात. त्यांत पोतें घेतलेला माणूस ठेवला कीं हे सर्व आंकडे त्याच्याभोंवतीं जमा होतात. दार एवढें रुंद कां, तर ओझ्यासकट त्याला वळतां यावें म्हणून. रस्ता एवढा मोठा कां, तर गाडी त्याच्यापर्यंत यावी म्हणून. इमारत कोणासाठीं आणि कोणाच्या पाठीवर उभी आहे हें सांगण्यास पावणेदोन सेंटिमीटरांचा कागद पुरतो. भायखळ्याच्या संग्रहालयांत, ज्याला आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे, निरनिराळ्या धंद्यांतील माणसांच्या मातीच्या लहान मूर्ति जपून ठेवलेल्या आहेत. त्या काळच्या कित्येक इमारती गेल्या. पण पगडी कशी बांधीत आणि हत्यार कसें धरीत हें त्या मातीच्या बाहुल्यांवरून आज समजतें. त्या बनविणारांनीं जर ‘यांत बघण्यासारखें काय आहे?’ असें म्हटलें असतें, तर आपण तेवढे दरिद्री झालों असतों.

आमच्या मध्यमवर्गीय घरांना तर या साक्षीची विशेष गरज आहे. सकाळीं दाराशीं येणारी भाजी, डब्यांतले तांदूळ, वैशाखांतले आंबे हे आपल्याकडे पोंचतात तेव्हां त्यांचें वजन दोन-चार किलोंवर आलेलें असतें. त्याआधीं तें पोत्यांच्या व पेट्यांच्या रूपानें कोणाच्या तरी मानेवरून गेलेलें असतें; पण तो भाग आपल्या दाराबाहेरच, खाडीपलीकडेच राहतो. म्हणजे आपलें रोजचें जीवन हीही एक प्रमाण घटविलेली प्रतिकृतिच म्हणावयाची, आणि तींतूनही ओझें तेवढें गळून पडलेलें असतें. एखाद्या घरांतील वडील माणसें मुलांना घेऊन रीतसर परवानगीनें वाशीच्या बाजारांत गेलीं, एक गाळा पावलांनीं मोजला, पत्र्याच्या पन्हळी मोजल्या, काम करणाराला त्याच्या सवडीनें दोन प्रश्न विचारले, आणि महिनाभरांत कागदाचा एक वेडावांकडा गाळा उभा केला, तर त्यांच्या हातून सुंदर वस्तु होईल असें आम्ही म्हणत नाहीं. ती बहुधा ओबडधोबडच होईल. परंतु पुढें केव्हां तरी तो बाजार पाडला जाईल, तेव्हां त्या घरांत एक साक्षीदार शिल्लक असेल.

अशा प्रतिकृतीच्या तळाशीं तीन ओळी लिहिण्याचा प्रघात पाडावा, एवढी सूचना आम्ही करतों. पहिल्या ओळींत साल, दुसरींत प्रमाण, आणि तिसरींत, यांत काय दाखवितां आलें नाहीं तें. पहिल्या दोन ओळी कारागिराच्या हाताची कसोटी सांगतील आणि तिसरी त्याच्या मनाची. शनवारवाड्याखालीं ‘आंतील मजले ठाऊक नाहींत’ असें लिहावें लागेल, क्रॉफर्ड मार्केटखालीं कदाचित् ‘आवाज आणि गर्दी’. वाशीच्या गाळ्याखालीं काय लिहावयाचें तें, तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढें पोतें चिमट्यानें त्या कागदी पाठीवर ठेवतांना, ज्याचें त्याला समजेल.